हँडओव्हरची तिसरी पायरी

आपल्यावाचून जगाचं काही अडू नये याची माझ्या धाकट्या दिराइतकी चोख तयारी ठेवणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात सापडायचा नाही. तो हैदराबादला आयटी कंपनीत आहे. तिथे एका कामावरून दुसऱ्यावर जाताना सगळं लिहून पुढच्याच्या हाती द्यावं लागतं. त्याला हँडओव्हर म्हणतात. ही सवय तो गावीही घेऊन येतो. विहिरीची मोटार सुरू करण्याच्या नऊ पायऱ्या त्याने भिंतीवर चिकटवल्या. पाचवी होती, ‘वीज नसल्यास थांबणे.’ वीस वर्षं ती मोटार चालवणारे आमचे हे पोट धरून हसले. पुढे ह्यांना ताप भरला, तेव्हा कागद वाचत वाचत मी मोटार लावली आणि नवव्या पायरीला पाणी आलं. तेव्हापासून मी त्या माणसाला मानते.

“वहिनी, आमच्याकडं मानूस गेला तरी काम थांबत नाई,” तो सांगतो. “फायदा हाच, अन् तोटाबी हाच.” कंपनीच्या विम्यावर सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू निघाले, आम्ही नुसते सोबत जाऊन बसलो. पण पोळ्याला ये म्हटलं, तर त्याचं काम अमेरिकेच्या कंपन्यांचं, आणि अमेरिकेत पोळा नसतो.

एकच काम त्याने कधी कुणाच्या हाती दिलं नव्हतं: रोज संध्याकाळी सातला आईला फोन. सासूबाई पावणेसातपासून फोन मांडीवर घेऊन बसायच्या. यंदा त्याला नवं काम मिळालं आणि नेमकी सातलाच अमेरिकेशी मीटिंग, रोज. आठवडाभर फोन नाही. सासूबाई ताटात अर्धं टाकू लागल्या. मी त्याला खडसावलं, तर माझ्याच नावे हँडओव्हर आला. ‘एक, जेवणाचं विचारणे. दोन, गुडघ्यांची चौकशी. तीन, थोरल्या सुनेची तक्रार ऐकून घेणे. मध्ये बोलू नये.’

थोरली सून मीच. तरी सातला मी आमच्या किराणा दुकानातून घरी फोन लावला.

“काऊन वं? दुकानातून काऊन फोन करून राह्यली?”

“जेवल्या का?”

“दुपारी तूच तं वाढलं.”

“गुडघे?”

“आहेत.”

मग तिसरी पायरी आली. मी कागदाप्रमाणे ऐकायला कान लावला. फोनमधून आमच्याच कूलरची घरघर ऐकू येत होती.

“तो असता तं सांगतलं असतं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी त्याला कळवलं, ‘तिसरी पायरी माझ्याच्याने होत नाही.’ त्याचा कागद फसल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. आता तो मीटिंगची तयारी बाजूला सारून पावणेसातला फोन करतो. गिऱ्हाईक नसलं तरी मी तेवढा वेळ दुकानातच थांबते. घरी जाते तेव्हा सासूबाई ताट वाढून घेऊन बसलेल्या असतात. काय सांगितलं, ते मी विचारत नाही.

कधी मीटिंग लवकर लागते आणि फोन मांडीवर तसाच राहतो. त्या दिवशी मी वरणात मीठ जरा कमीच टाकते. उद्या सासूबाईंना त्याला सांगायला काहीतरी हवं.