आईला एसटी लागते

लग्न होऊन रोह्याला आले त्याला आता सव्वीस वर्षं होतील. एवढ्या वर्षांत आई माझ्या घरी दोनदाच राहिली. पेणच्या खाडीकडचं आमचं गाव म्हणजे काही परदेश नव्हे. वडखळ, नागोठणं, की आलंच रोहा. पण बोलावलं की तिचं एकच, "मना यष्टी लागते गो."

मला राग यायचा. उभा जन्म मिठागरात डोक्यावरून मिठाच्या टोपल्या वाहिलेल्या बाईला एसटी लागते? मी फोनवर फटकन बोलायचे, "लेकाकडे बरं सगळं सोसतं तुला." ती फोन वहिनीकडे द्यायची. शेवटची तीन वर्षं तर मी बोलावणंच सोडलं. अशातच ती गेली.

गेल्या वर्षी माझं अंग बाहेर येऊ लागलं. आमच्याकडे बायका असंच म्हणतात, तेही कुजबुजत. खोकलं, बादली उचलली, की पायांमध्ये काहीतरी उतरल्यासारखं वाटायचं. चार महिने लपवलं आणि मग इथल्याच एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासून कागदावर चित्र काढलं. माझी कमरेची हाडं रुंद, खालची वाट जरा जास्तच मोकळी, आणि गर्भाशय तोलून धरणारा स्नायू बाळंतपणात एका बाजूनं हाडापासून सुटलेला. "घडण अशी असली की धोका जास्त," त्या म्हणाल्या. मला हसूच आलं. याच रुंद कमरेचं गावच्या सुईणीनं केवढं कौतुक केलं होतं!

"तुमच्या आईला होता का हा त्रास?"

"नाही," मी ठणकावून सांगितलं.

घरी येऊन तरीही वहिनीला फोन लावला.

"व्हय तर, किती वर्सं! तुला ठाव नव्हतं?" ती म्हणाली. "यष्टीत खड्ड्याखड्ड्याला जीव जायचा तिचा. नेसूचं ओलं व्हायचं. जावयाच्या घरी अशी कशी जाऊ, म्हनायची."

आई स्वतःलाच दोष द्यायची, हेही वहिनीनंच सांगितलं. माझ्या जन्मानंतर पोट घट्ट न बांधताच ती मिठावर गेली, म्हणून अंग सुटलं, असं तिनं मनाशी धरलं होतं. आता कळलं, माहेरी झालेल्या माझ्या दोन्ही बाळंतपणांत ती जुन्या लुगड्यानं माझं पोट एवढं का आवळायची. मी ओरडायचे, पण तिचा हात सैल पडायचा नाही. पुढच्या खेपेला मी हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, पोट आवळून अंग वर राहत नाही, दाब खालीच जातो. मला त्यांचाच राग आला. आईच्या त्या हातांना कुणी नावं ठेवलेली मला ऐकवेना. ते हात पुन्हा पोटावर हवे होते, त्यांनी कितीही घट्ट आवळलं असतं तरी.

त्या दिवशी त्यांनी अंग वर धरून ठेवणारी एक मऊ रिंग आत बसवली. मग खोकायला लावलं, बसायला लावलं, खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्या. दहा मिनिटंही लागली नाहीत. मी साडी सारखी केली, बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि मला रडू आवरेना.

शेजारी खांब गावची एक म्हातारी नंबर लावून बसली होती. तिनं घाबरून माझा हात धरला. "लय दुखतं का गो?"

"नाय," मी म्हटलं. "कायच नाय दुखत."