साहेबाने टेबल मांडलं तो खांब

पत्रक कसं लिहायचं ते मी गोव्यातल्या साखळी गावात शिकलो, खाणीच्या ट्रकांविरुद्ध रस्त्यावर बसलो होतो तेव्हा. पहिलं वाक्य लागलं पाहिजे. 'कदाचित' हा शब्द कुठेही नको. त्यामुळे धारगळजवळच्या आमच्या गावात चौकशी लागली आणि नोटिशीत 'निःपक्षपाती' असं लिहिलेलं दिसलं, तेव्हा मला आधी हसू आलं. मग आठवलं, आरोप आत्येवर आहे.

झालं होतं असं. डोंगर कापून बंगले बांधायच्या ठरावावर लोक ग्रामसभेत बोलायला उठले आणि माईक बंद पडला. आम्ही म्हणतो, सरपंचाने खूण करून बंद करवला. ते म्हणतात, लाईट गेली. मग स्टेजवर रेटारेटी, पंचायतीचा सचिव खाली पडला, आणि त्याला माझ्या आत्येने ढकललं अशी तक्रार गेली. आत्ये नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. पंचायत कचेरी झाडायचं कंत्राटी काम करते, त्यावरच तिचं चालतं. आरोप टिकला तर ते काम जाणार, हे गावात सगळ्यांना माहीत होतं.

तालुक्याहून साहेब आला तो स्वतःचा डबा आणि पाण्याची बाटली घेऊन. कोणाचा चहा घेतला नाही. पंचायत सरपंचाची, वाचनालय आमच्या लोकांचं, म्हणून त्याने सुनावणी देवळाच्या चौकात, म्हणजे आतल्या खांबांच्या मंडपात ठेवली. "इथे कोणाचा पक्ष नाही," म्हणाला.

बाहेरचा माणूसच असं बोलेल. आमच्या देवळात एकेक खांब एकेका घराण्याचा. देवाला गाऱ्हाणं घालताना जो तो आपल्या खांबाशी उभा राहतो, आणि बोलावल्याशिवाय दुसऱ्याच्या खांबाजवळ जात नाही. साहेबाने पंख्याखाली टेबल लावायला सांगितलं, ते नेमकं सरपंचाच्या खांबाला टेकून. सरपंचाची माणसं आपसूक त्याच्या खांद्यामागे आली. आमचे साक्षीदार चौकाच्या दुसऱ्या टोकाला.

"जवळ येऊन सांगा," साहेब म्हणाला.

"हयसून सांगतंय, साहेब," आमचा माणूस तिथूनच ओरडला. साहेबाने लिहून घेतलं: साक्षीदार आवाज चढवतात, सहकार्य करत नाहीत.

मी खांबांचं समजावून सांगायला पुढे गेलो. त्याने मलाच विचारलं, "तुम्ही कोणत्या पक्षाचे?"

"डोंगराच्या."

सरपंचाचा भाऊ मागून म्हणाला, "साहेब, डोंगराचं नाव अजून मतदार यादीत आलं नाही. अर्ज भरलाय पत्रकवाल्यांनी." सगळे हसले. साहेबही हसला, आणि मग दोन्ही बाजूंकडे सारखंच बघून गंभीर झाला.

लग्न होऊन गेलेल्या बाईला माहेरचा खांब राहत नाही. आत्ये दाराशी बसली होती. ती उठली, चौकाच्या मधून सरळ चालत गेली आणि टेबलापुढे जमिनीवर बसली.

"सरपंचान हात केल्यान आणि माईक बंद झालो. माझ्या डोळ्यान बगलंय. मी चालू करूक गेलंय. सचिव आडो इलो. तेका खांद्याक धरून बाजूक केलंय, तो पडलो."

आमच्या पत्रकात छापलं होतं की ती जागेवरून हललीच नाही. ते मीच लिहिलं होतं.

अहवाल आला. सदर महिलेने ढकलल्याचे कबूल केले. माईकबाबत दोन्ही बाजूंचे म्हणणे परस्परविरोधी असल्याने निष्कर्ष काढता येत नाही. दोन्ही बाजूंनी शांतता राखावी. बाई एक, बसली एका जागी, बोलली एका दमात. त्यातलं एक वाक्य कबुली झालं आणि दुसरं 'म्हणणं'. सरपंचाला शांततेचा सल्ला मिळाला, आत्येला काम बंद झाल्याचा निरोप. याला समान वागणूक म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीची चावी परत द्यायला निघाली, तेव्हा मी घरापुढच्या सोप्यावर बसून नवीन पत्रक तिला वाचून दाखवलं. मला वाटलं, चांगलं झालंय. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"माझो हात लागलो तेका. ता खंय आसा ह्येत?"

"ते त्यांनी लिहिलंय की. आपण परत कशाला लिहायचं?"

"तू माका कधी इचारलंस रे, तेदिवशी काय झाला ता?"

नव्हतं विचारलं. सभेला मी तिच्यापासून चार हातांवर होतो, आणि तरी विचारलं नव्हतं.

"सायबान आपल्याक होया ता लिवल्यान. तूय तसोच. माझ्या नावान पत्रक वाटतलंस तर सगळा लिव. नायतर माझा नाव काढ." चावी पदराच्या टोकाला बांधून ती पायऱ्या उतरली.

आमची माणसं म्हणतात, हात लागल्याचं ते एक वाक्य घातलंस तर सरपंच तेवढंच कापून गावभर फिरवेल. खरं आहे, फिरवेल. सकाळपासून छापखान्याचा फोन येतोय. ते वाक्य मी घातलंय, खोडलंय, परत घातलंय. मी फोन उचललेला नाही.