दिवाणाच्या कडेची उठबस

मोठे बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वसमतच्या बसस्टँडवर कॉलेजच्या घाईत उभा होतो. आदल्या संध्याकाळीच नांदेडच्या दवाखान्यात त्यांना भेटून आलो होतो. छातीत कफ साचला होता, पण डोळे जागे होते. त्यामुळे फोनवर वडील काय सांगतायत ते मला लवकर कळलंच नाही. मग कॉलेज सोडून डोंगरकड्याच्या, आमच्या गावच्या गाडीत चढलो... महिना उलटला, तरी एका जागी बसून राहावंसं वाटत नाही. मला लिहायची सवय नाही. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून हे काम माझ्याकडे आलं असं समजा.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती वाहण्यात त्यांचा जन्म गेला. एवढा दणकट माणूस, म्हणून डावा हात थरथरायला लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. हळूहळू चाल आखडली, हसू चेहऱ्यावर उशिरा पोचू लागलं, उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबू लागले. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे पाठवलं. मॅडम म्हणाल्या, व्यायामानं हा आजार जाणार नाही, पण बसून राहिलात तर पायातली ताकद आजाराच्या आधी जाईल. रोज चाला, मोठी पावलं टाका, हात न टेकता उठा आणि बसा.

प्लास्टिकची खुर्ची सरकायची, म्हणून दिवाणाची कड ठरली. ते एकटे करत नसत. मग त्यांची बायको, आमची मोठी माय, शेजारी बसायची आणि दोघं बरोबर उठायची. कुरकुर सुरू झाली की म्हणायची, "मोंढ्यात तर लई मिशा पिळत व्हता तुमी. आता सोताचं वझं उचलना झालं व्हय?" मोठे बाबा थोड्या वेळानं म्हणायचे, "पोतं गुमान राहायचं. तुझ्यासारखं बोलत नव्हतं."

खरी तकलीफ भेटायला येणाऱ्यांची होती. आमच्याकडे आजारी माणसापाशी कुणी नुसतं बसत नाही. पाणी पाजतात, पाय दाबतात, काखेत हात घालून उठवतात. हमालांची रीत मात्र वेगळी. ओझ्याखालून उठणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, तोल जातो. मोठे बाबा तेच सांगायचे, पण आजारानं त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की कुणाला ऐकू जायचा नाही. एकदा त्यांची बहीण, माझी आत्या आली. ते उठत असताना तिनं मायेनं दंड ओढला आणि दोघंही खाली पडले. फार लागलं नाही, पण आत्या मोठ्या मायवर तुटून पडली. "जन्मभर वझं वाह्यलं त्यानं. आता तरी बसू दे की. काहून जीव घेऊन राहिली त्याचा?"

तेव्हापासून भावकीत मोठ्या मायला फौजदार म्हणू लागले. तिनं उठबस थांबवली नाही. त्यानंतरच्या एका पौर्णिमेला मोठे बाबा आपल्या पायांनी विहारात गेले, वंदनेला गुडघ्यांवर बसले आणि आपले आपण उठले. वेळ लागला... पण कुणी हात पुढे केला नाही. मोठी माय सगळ्यांवर नजर ठेवून उभी होती.

मग थंडीत न्यूमोनिया झाला. माती द्यायच्या दिवशीच आत्या रडता रडता बोलून गेली, दमवून दमवून मारलं माझ्या भावाला.

पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं पांगल्यावर मोठ्या मायनं मला आत बोलावलं.

"तू शिकून राहिला. खरं सांग. बसू दिलं असतं तर राह्यले असते का?"

मी बी.ए.चा विद्यार्थी, मला काय कळतं... पण मॅडमना मी फोन केला होता. उठबस केली म्हणून न्यूमोनिया होत नाही, उलट त्या ताकदीवरच ते इतके हिंडले-फिरले, असं त्या म्हणाल्या होत्या. ते सांगितलं. तिनं मान हलवली, पण ते तिच्यापर्यंत पोचलं असं वाटलं नाही. मग मी शेवटच्या संध्याकाळचं सांगितलं. ती चहा आणायला खाली गेली होती. मोठे बाबा पडल्या पडल्या कॉटच्या दांडीला पाय लावून जोर देत होते. मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, ती आली की इचारील.

मोठ्या मायनं विचारलं, "कोणता पाय?"

"डावा."

"डाव्यावरूनच तर भांडणं व्हायची आमची," ती म्हणाली. "सांगितल्याबिगर कधी हलवला न्हाई त्यांनी."

तिनं माझं मनगट धरलं आणि ओसरीवर आत्यापुढे नेऊन उभं केलं. "आता हिला सांग." मी पुन्हा सगळं सांगितलं. आत्या बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली.

परवा गावी गेलो होतो. सकाळी मोठी माय दिवाणाच्या कडेला एकटीच उठत होती, बसत होती. मोठ्या बाबांची भिंतीकडची जागा तिनं मोकळी सोडली होती. आता कशाला, असं मी विचारलं.

"बसून राहवत न्हाई रे," ती म्हणाली, आणि पुन्हा उठली.