बाईंचे दोन तळहात

कुठलाही प्रश्न आला की ड्रिलच्या बाई दोन्ही तळहात पुढे धरायच्या आणि म्हणायच्या, "टाका पारड्यात." चहाबरोबर कचोरी खावी की नाही, इथपासून एखाद्या मुलीची तक्रार तिच्या बापाकडे करावी की नाही, इथपर्यंत सगळं त्या हातांवर तोललं जायचं. एक हात खाली जायचा, दुसरा वर. कचोरीचा हात मात्र नेहमी खालीच.

तुमच्याही शाळेत अशा एखाद्या बाई असतील, ज्यांचा आवाज आधी येतो आणि मागून त्या स्वतः. आमच्या बाई आवाजाइतक्याच भरदार होत्या. घराणं फौजेतलं. नऊवारीचा काष्टा मारून त्या मैदानात उभ्या राहिल्या की लेझमीचा ताल चुकवायची कुणाची हिंमत नसायची.

मी तिथे नवी होते. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी शिकवणारी, स्टाफरूममध्ये कोपऱ्यातली खुर्ची धरून बसणारी. बाई मला मिसबाई म्हणायच्या. "मिसबाई, जरा मुंह तो खोल. दात मोजणार नाही मी."

ते दिवस विलीनीकरणाचे. आमचं ग्वाल्हेर आधी मध्यभारतात गेलं, मग मध्यप्रदेशात, आणि राजधानी झाली भोपाळ. शिक्षकांना नव्या राज्याच्या नोकरीत घेण्याआधी एक साहेब येऊन पाहणार होते. हेडबाईंनी बाईंना बोलावून गोडीत सांगितलं, "ड्रिलची बाई तशी दिसायला नको का? पाटणकर बाजारात बारीक होण्याच्या गोळ्या मिळतात. डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा लागत नाही."

बाईंच्या पगारावर त्यांचं आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासूचं घर चालायचं. दुसऱ्याच दिवशी बाटली स्टाफरूमच्या टेबलावर आली आणि तळहात पुढे झाले.

"इकडे नोकरी. हेडबाईंचं तोंड बंद. जिना चढताना दम लागतो, तो कमी होईल, खोटं कशाला बोलू? आणि इकडे..." दुसऱ्या हाताकडे त्यांनी संशयाने पाहिलं. "दुकानदाराला विचारलं, भैया, इसमें है क्या? तो बोला, विलायती है बाईजी. मी बोलले, विलायतवाले तो चले गए, गोली क्यों छोड़ गए?"

सगळ्या हसल्या. बाईंनी बाटली माझ्याकडे सरकवली. "मिसबाई, वाच बरं."

अक्षरं मुंगीएवढी. "ग्रंथींचा अर्क," मी वाचलं.

"कुणाच्या ग्रंथी?"

"ते लिहिलेलं नाही. हृदय कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारावं, असं लिहिलंय."

"माझं हृदय? तोफ आहे तोफ!" नोकरीचा हात खाली गेला.

वजन करायला बाई मला घेऊन दाना ओलीत, धान्यबाजाराच्या गल्लीत, गेल्या. तिथल्या धान्याच्या दुकानात मोठा काटा होता. शेठजी गडबडले. "बाईसाहब, गेहूं तौलूं कि..."

"मुझे तौलो. और पूरा तौलना. एक शेर भी कम मत दिखाना!"

एका पारड्यात बाई बसल्या, दुसऱ्यात लोखंडी वजनं चढली. गल्लीतली माणसं जमली. मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं. बाई पारड्यातून लोकांना नमस्कार करत होत्या.

गोळ्यांनी काम केलं, हे मी नाकारणार नाही. पुढच्या खेपेला शेठजींनी एक वजन उतरवून ठेवलं. हेडबाई खूश झाल्या. पण बाईंची झोप उडाली. कचोरी समोर आली की त्या तोंड फिरवायच्या, मुलींवर खेकसायच्या. आणि एका सकाळी मैदानात लेझमीचा ताल चुकला. मुलींचा नव्हे, बाईंचा. पहिल्या रांगेतली मुलगी घाबरून म्हणाली, "बाई, आपके हाथ कांप रहे हैं."

बाई पायरीवर बसल्या. छातीवरचा पदर धडधडीने हलत होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी कुणी न विचारता बोलले. "बाई, डॉक्टरीणबाईंकडे चला. आत्ताच्या आत्ता."

डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि गोळ्या तिथेच बंद केल्या. वजन उतरवायचं तर खाण्यापिण्याकडे पाहून हळूहळू उतरवू, म्हणाल्या. हृदयाला चाबूक मारून नाही.

"साहेब येऊन जाईपर्यंत तरी..." बाई म्हणाल्या आणि सवयीने त्यांनी तळहात पुढे धरले. दोन्ही थरथरत होते. बाईंनी ते हात निरखून पाहिले.

"मिसबाई, असल्या हातांनी मी काय तोलत होते गं?"

साहेब आले तेव्हा बाईंनी काष्टा नेहमीपेक्षा घट्ट मारला होता. साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ड्रिल आप कराती हैं?"

"जी. देखना है, कि तौलना है?"

हेडबाईंनी डोळे मिटून घेतले. बाईंनी लेझीम उचलली. शेवटी मुली धापा टाकत होत्या, बाईही टाकत होत्या. पण ताल एकदाही चुकला नाही.

हुकूम आला. बाईंची नोकरी राहिली, ड्रिल गेलं. शिवणकाम शिकवायचं, तेही पार छत्तीसगडच्या बाजूच्या एका शाळेत. "जाईन की," बाई म्हणाल्या. "तिथल्या पोरींना काय हातपाय नसतात?" सामान बांधायला मी गेले होते. त्यांच्या ट्रंकेत सुईदोरा कुठेच नव्हता. तळापासून वरपर्यंत लेझमी होत्या.

आता ड्रिलला नवी बाई आहे, सडसडीत, शिट्टी वाजवणारी. टेबलावरच्या कचोऱ्या संध्याकाळपर्यंत तशाच राहतात.

परवा आईने माझ्या ताटाशेजारी त्याच गोळ्यांची बाटली ठेवली. मला पाहायला मंडळी येणार आहेत. "सगळ्याच घेतात गं," आई म्हणाली. "थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे."

मी ताट बाजूला सारलं आणि दोन्ही तळहात पुढे धरले.

"हे काय नवीन?"

"टाक पारड्यात," मी म्हटलं. माझे हात जरासुद्धा हलत नव्हते.