हिराकाकीचा जादा पाटा

हिराकाकी कुठल्याही गाडीला आधी मागून बघायची. मुरबाडला आमच्या आळीत एखादी जीप किंवा टेम्पो येऊन थांबला, की ही काष्टा सावरत मागच्या चाकाशी उकिडवी बसणार, खाली डोकावणार आणि निकाल देणार, "ढुंगान बसलंय रं हिचं. मालक पन असाच खचलेला असंल." मालक शेजारी उभा असला तरी तिच्या आवाजात फरक पडायचा नाही.

तिचं घर आमच्या घराला लागून. नवरा, बाळूकाका, लोखंडी सामान विकायचे. तवे, कढया, कोयते, पहारी. दिवाळी झाली की लिलावात घेतलेली जुनी फोर व्हील जीप भरायची आणि दोघांनी जत्रांमागून जत्रा करत फिरायचं. गाडीतच निजायचं, तीन दगड मांडून रांधायचं. पौषातली म्हसा गावची जत्रा म्हणजे त्यांचा खरा सण. नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात काकांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शब्द उरला एकच, "चल." भूक लागली तरी चल, राग आला तरी चल. पण दिवाळीनंतर जीपकडे बघत ते चल म्हणायचे, तेव्हा त्याचा अर्थ आळीतल्या कुत्र्यालाही कळत असेल.

भावकी जमली. थोरला दीर म्हणाला, "हिरा, जीप विकून टाक. आता कोन चालवनार? का त्याला खाटेसकट जत्रेला नेनार तू?"

"व्हय, खाटेसकट," काकी म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

चाळिशी उलटलेली ही बाई भातकापणी झालेल्या खाचरात जीप शिकली. दोन-चार बांध फोडले, एक पेंढ्याची उडवी आडवी केली, वर उडवीवाल्यालाच झापलं, की मधोमध कशाला रचलीस! पौषात एका बाजूला लोखंड, दुसऱ्या बाजूला खाटेवर काका, अशी जीप म्हशाला गेली. मी शाळेत मास्तर, रजा टाकून सोबत होतो.

जाताना गाडी कशी डौलात गेली. परतताना मात्र हाल झाले. एवढं लोखंड पेलावं म्हणून काकांनीच कधीकाळी मागच्या चाकांवर ट्रकचे जाड पाटे चढवले होते. पाटे म्हणजे पोलादी कमानी. मागचं सगळं ओझं त्यांच्यावर. ओझं असलं की ते वाकतात. पण त्या वर्षी माल सगळा खपला, जीप रिकामी झाली आणि ते कडक पाटे वाकेचनात. प्रत्येक खड्ड्यात गाडी उडायची, काका खाटेवर आपटायचे आणि जनावरासारखे कण्हायचे. धंदा जितका चांगला, तितका परतीचा रस्ता वाईट. पुढच्या जत्रेहून काकीनं गाडीत नदीतले धोंडे भरून आणले. लोक हसले, की तवे देऊन धोंडे घेते! ती म्हणाली, "धोंडे गुमान बसत्यात. तुमच्यासारकी बडबड नाय करत."

पण काकांच्या पाठीला जखमा झाल्या. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असा प्रवास नको. काका तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. चल म्हणायचेही थांबले. मला ते बघवेना.

काकीनं जीप शहापूरला आग्रा रोडवरच्या मिस्त्रीकडे नेली. तो म्हणाला, "वजन न्यायचंय तर पाटा कडक पायजे, आजारी मानूस न्यायचाय तर नरम. दोनी एका गाडीत नाय जमत, काकी."

"एका घरात दोनी हाय ना? मंग गाडीत का नाय?"

काकी तडक शेजारच्या ढाब्यावर गेली आणि उभ्या ट्रकांखाली शिरली. ड्रायव्हर चहा टाकून धावत आले. त्यांची समजूत घालता घालता माझा जीव अर्धा झाला. एका रिकाम्या ट्रकखालून तिनं मिस्त्रीला हाक मारली आणि त्याचा हात धरून खालीच ओढला. मुख्य पाट्यांच्या वर एक आखूड पाटा होता, कशालाही न टेकलेला. "ह्यो मोकला का?" तिनं विचारलं.

"हेल्पर हाय तो. लोड आला का टेकतो."

"मंग माज्या जीपला लाव. खालचे नरम, वरचा ह्यो."

"ट्रकचा हाय तो! जीपला कोन लावतं?"

"मी लावते."

मिस्त्रीनं कुरकुरत पाटे कापले, वाकवले, बसवले. काकीनं पितळी तांब्या काठोकाठ भरून मागच्या खाटेवर ठेवला, त्याच्यावर नजर ठेवायला मला बसवलं आणि मुरबाडचा रस्ता धरला. किन्हवलीच्या अलीकडेच माझी विजार भिजली. जीप तिथूनच माघारी. असं किती वेळा झालं ते मिस्त्रीला विचारा. शेवटी तर लांबून जीप दिसली की तो हात जोडायचा. पण एके दिवशी तांब्या मुरबाडपर्यंत आला आणि फार तर घोटभर पाणी सांडलं. त्या पौषात काका म्हशाला गेले. माल खपला, आणि परतीच्या वाटेवर रिकाम्या जीपमध्ये ते तोंड उघडं टाकून घोरत होते. काकी मला म्हणाली, "मास्तर, घोरनं ऐक. असं गानं नाय."

पुढेही काही वर्षं ते असेच फिरले. मग एका मार्गशीर्षात काका गेले. म्हशाची जत्रा तोंडावर होती. दीर पुन्हा आला. दुःखाचं वर्ष आहे, जत्रा नको, जीप विक. काकी म्हणाली, "त्यांनी मला चल सांगितलंय. बस कवा सांगितलं नाय." मोकळ्या कपाळानं तिनं ठरल्या जागी दुकान मांडलं. काही बायका तोंड वळवून पुढे गेल्या आणि थोड्या वेळानं तवा घ्यायला परत आल्या.

बऱ्याच वर्षांनी तिच्या पोटात गाठ निघाली. कल्याणच्या दवाखान्यात न्यायला दारात अॅम्ब्युलन्स आली. काकीनं खाटेवरूनच मान वाकडी करून तिची मागची चाकं बघितली. "बसलंय हिचं. मी नाय जायाची." शेवटी जीपच काढली. मीच चालवली, मला गाडी तिनंच शिकवली होती, त्याच खाचरात. तांब्या भरून उशाशी ठेवायला लावला.

कल्याणला दारात उतरवताना तिनं विचारलं, "सांडलं?"

"थोडं," मी म्हणालो.

"पाट्याचा दोष नाय. तू ब्रेक लय मारतंस." मग माझं मनगट धरून म्हणाली, "घरी नेताना पन हीच गाडी आन. त्या पांढऱ्या डब्यात नको घालू मला."

चौथ्या दिवशी काकी गेली. तिला आणायला मी जीप घेऊन गेलो. तांब्या दवाखान्याच्या नळावर काठोकाठ भरला आणि तिच्या उशाशी ठेवला. दीर म्हणाला, "आता कशाला, मास्तर?" ब्रेक जपून मारत गाडी आणली. आळीत पोचल्यावर आधी मागे जाऊन तांब्या बघितला. थेंबभरही सांडलं नव्हतं.