टाकीवाले चाचा

निवृत्तीनंतर फिरायला म्हणून आम्ही दोघांनी कॅम्पर व्हॅन घेतली. बायको गेली आणि गाडी वाघोलीच्या पार्किंगमध्ये तशीच उभी राहिली. तरी दर सहा महिन्यांनी गाडीतली पिण्याच्या पाण्याची टाकी धुवायला मी येरवड्याहून एका चाचांना बोलावतो. फोनमध्ये त्यांचं नाव 'टाकीवाले' एवढंच आहे.

चाचा सकाळी टाकीत ब्लीचचं पाणी भरतात. मग एकेक नळ उघडून, डोळे मिटून वास घेतात. दुपारी ते पाणी सोडून देतात, वास पुरता जाईपर्यंत टाकी धुतात आणि ताजं पाणी भरून ठेवतात. न हलणाऱ्या गाडीची टाकी कशाला धुवायची, असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

परवा सकाळी टाकीतलं सहा महिन्यांपूर्वीचं पाणी सोडताना मात्र ते म्हणाले, "साहेब, मी भरलं होतं तेवढंच आहे. घोटभरही कमी नाही."

"बघू, थंडीत निघेन."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

काम झाल्यावर ते गेले नाहीत. गाडीतल्या शेगडीवर टाकीतलं ताजं पाणी ठेवलं आणि पिशवीतून चहा-साखरेची पुडी काढली. कपाटात बायकोने घेतलेले दोन कप होते. त्यांची लेबलं चाचांनी नखाने खरवडली आणि कोरा चहा ओतला.

"प्या," ते म्हणाले. "दोन कप तरी कमी होऊ देत."