अनुभव नाही तुम्हाला

मुलाखतीला आलेल्या मुलांमध्ये चाळिशी ओलांडलेले आम्ही दोघंच होतो. शेजारच्या खुर्चीतल्या बाई डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होत्या. मला वाटलं, स्तोत्र असेल. त्या नेटवर्कच्या पोर्टचे आकडे पाठ म्हणत होत्या.

बोलणं सुरू झालं. त्या नर्स होत्या. कंबरेच्या दुखण्यानं तासन्‌तास उभं राहणं जमेना, म्हणून त्यांनी सिस्टीम अ‍ॅडमिनचा, म्हणजे ऑफिसचे सर्व्हर-नेटवर्क सांभाळण्याचा कोर्स केला. माझा छापखाना बंद पडला, म्हणून मीही तोच केला होता. ही कितवी मुलाखत, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

त्या आत जाऊन आल्या.

"काय विचारलं?"

"सर्व्हर बंद पडलाय, सगळे ओरडताहेत, आधी काय कराल? मी म्हटलं, आधी त्यांना सांगेन की मी आलेय, बघतेय. मग विचारेन, शेवटचा बदल काय केला होता."

"मग?"

"म्हणाले, या क्षेत्रातला अनुभव नाही तुम्हाला. मी म्हटलं, घाबरलेल्या माणसांचा आहे."

काम सुटलं की मागची वर्षं वाया गेल्यासारखी वाटतात. खरं तर ती अंगात मुरलेली असतात, आपणच ती लपवत फिरतो.

मला आत बोलावलं. पहिलाच प्रश्न छापखान्याचा निघाला. एरवी मी तो एका वाक्यात उरकायचो. त्या दिवशी खुर्ची पुढे ओढली आणि सविस्तर सांगू लागलो.

ती नोकरी बाईंना मिळाली. मला पुढे दुसरीकडे मिळाली. तिथल्या मुलाखतीतही मी बोलायला छापखान्यापासूनच सुरुवात केली होती.